गाडीची गोळी

कॅन्सर हा शब्द बंडोपंतांनी आजारी बायकोच्या कानावर पडू दिला नव्हता. नागपूरच्या दवाखान्यात चढायचं ते 'ताकदीचं सलाईन', अन् त्यानं उलट्या होऊ नयेत म्हणून आधी घ्यायची ती 'गाडी लागते त्याची गोळी', असं त्यांनी कालिंदीबाईंना सांगून ठेवलेलं.

आज बालाघाटहून नागपूरची बस सुटली अन् पुढच्या सीटवरची पोरगी खिडकीबाहेर ओकायला लागली. कालिंदीबाईंनी लगेच पिशवीत हात घातला. गोळी एकच होती. देऊ नको म्हणावं, तर काहून ते सांगावं लागणार. बंडोपंत बायकोच्या हाताकडे पाहत राहिले.

कालिंदीबाईंनी पोरीच्या हातावर लवंग ठेवली.

मग नवऱ्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या, "गोळी गाडीची असती, तं देली असती मी तिले."