गार रस्सा

“गार रस्सा? मावशी, मी माणूस आहे की मांजर?” कर्नलनी वाटी पुढे ढकलली.

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. पाणीखात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. पण मिशा आणि आवाज असा, की खानावळीत सगळे त्यांना कर्नलच म्हणत.

“रस्सा सकाळीच झाला, आणि लगेच गॅसच्या टाकीनं मान टाकली,” मावशी म्हणाल्या. “गरम कशावर करू? तुमच्या रागावर?”

सगळे हसले. मावशींना हसू आलं नाही. दूरदेशी लढाई पेटली होती आणि गॅसच्या बोटी सामुद्रधुनीच्या तोंडाशी अडकल्या होत्या. त्यातल्या एका बोटीवर त्यांचा धाकटा होता. मुलगा परदेशात नोकरीला, एवढंच त्यांनी इथं सांगितलेलं. खरं सांगितलं असतं तर जो तो रोज विचारत बसला असता, कुठवर आली बोट?

टीव्हीवर मंत्री ठासून सांगत होते, देशात टंचाई अजिबात नाही.

“त्यांच्या घरी नसेल,” कोपऱ्यातला शिंपी पुटपुटला.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. त्या मोरीच्या दाराशी गेल्या.

“आई, बोट आज पुढे निघतेय. ज्यांना यायचं नाही त्यांना या बंदरात उतरवतायत. कालच आमच्या पुढच्या बोटीवर बाँब पडला गं. काय करू?”

मावशींच्या ओठांवर एकच शब्द होता, उतर. पण मागे शेगडी थंड पडली होती आणि माणसं ताटावर बसली होती.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, “वाढते आहे रे. जरा वेळानं कर.”

त्या आत आल्या तेव्हा बातमी बदलली होती. काही खलाशी बोटीवरून उतरताहेत, असं निवेदिका सांगत होती.

“भित्रे लेकाचे!” कर्नलनी पाटावर थाप मारली. “पगार मोजून घेतात ना? मग घाला म्हणावं बोटी सरळ! इथं लोकांच्या चुली विझल्यात. काय मावशी, खोटं बोलतोय का मी?”

मावशींच्या हातातली पळी थांबली.

“माझा धाकटा आहे तिथं,” त्या हळूच म्हणाल्या. “आत्ता विचारत होता, पुढे जाऊ की उतरू. मला काही बोलवेना.”

शिंप्यानं टीव्ही बंद केला.

फोन पुन्हा वाजला. मावशी नुसत्याच त्याच्याकडे बघत राहिल्या. कर्नल उठले. उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हातानं त्यांनी फोन उचलला. आवाज एरवीचा नव्हताच.

“बाळा, मी तुझ्या आईच्या खानावळीतला. आधी तू खाली उतर. आणि हे बघ, इथं गरम रस्सा कुणालाच नको आहे.”