ओळंब्यातला ग

बालवाडीच्या बाईंनी माझ्या धाकट्या बहिणीला, चिंगीला, चिकणमातीचा गोळा दिला आणि सांगितलं, घरून 'ग' करून आण. चिंगीने बाह्या वर केल्या, तेवढ्यात बाबा कामावरून आले. आमचे बाबा गवंडी. माती दिसल्यावर त्यांचा हात गप्प बसतोय होय?

"बाबा, ते माझं आहे."

"थांब गं, पाया तरी घालून देतो."

पाया झाला, त्यावर काना उभा राहिला. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा पिशवीतून निघाला आणि त्या वीतभर कान्याला लागला. चिंगी शेजारी बसून नुसते हात चोळत होती.

"आता मी करू?"

"वाळू दे आधी. भेगा पडतील."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाबा, तिला द्या की. शाळा तिची आहे."

"स्वतःची सोडून बसलास, आणि मला शाळेचं शिकवतोस?"

सकाळी चिंगीला सोडायला निघालो, तर तो 'ग' त्यांनी माझ्या हातात दिलाच नाही, स्वतः बालवाडीत घेऊन आले. बाईंनी 'ग' बघितला, मग बाबांची नखं बघितली. नखांत अजून माती होती.

"चिंगी, तुला येतो का गं 'ग'?"

चिंगीने वाळूच्या ट्रेमध्ये बोट फिरवलं. वाकडातिकडा आला, पण 'ग'च आला. बाबा तिथेच खाली मान घालून उभे. चिंगीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि बाईंच्या कानाशी जाऊन म्हणाली,

"बाई, उद्या दोन गोळे द्याल? एक बाबांना."