अकरा महिने

शालोमनं टोपी घडी घालून कपाटात ठेवली. "आई, उद्यापासून सिनेगॉगला जायला नको. बाबांच्या नावाची कद्दीश प्रार्थना आज संपली."

वाकड्या मनगटानं भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "वर्ष कुठं झालंय? अकराच महिने झाले."

"अकराच महिने म्हणतात. मेल्यावर दुष्ट माणसाचा न्याय देवाकडे पुरे बारा महिने चालतो. मुलगा वर्षभर प्रार्थना करत राहिला, तर बाप दुष्ट होता अशी कबुलीच दिल्यासारखं होतं."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. तिचं मनगट बाबांनी पिरगळून मोडलं, तेव्हा सात वर्षांचा शालोम दारातच उभा होता.

"टोपी बाहेरच ठेव," ती म्हणाली. "बारावा महिनाही म्हण. त्यांना लागेल."