गरम पाण्याची पिशवी

अपघाताला कित्येक वर्षं झाली तरी ट्रकड्रायव्हरचे पाय बधिरच होते. मालीश करणाऱ्या ताई रोज डोक्यापासून सगळं अंग जागवत शेवटी तळव्यांशी पोचायच्या, तेही गरम पाण्याच्या पिशवीवर हात शेकून. “लाकडाला कसले लाड?” तो पेपरामागून टोमणा मारायचा. “पाय आहेत ते, लाकूड नव्हे,” ताई बजावायच्या. आज पाहुण्यांच्या गडबडीत बायको पिशवी भरायलाच विसरली. ताईंनी नळावर हात धुतले आणि तसेच तळव्यांना लावले. “केवढे गार हात आहेत हो तुमचे,” तो पान उलटता उलटता करवादला. “चुकलंच माझं, ठेवते पाणी,” सवयीने म्हणत बायकोने पातेलं उचललं आणि ती थबकली. ताईंचे हात हलेनात. पेपर खाली आला. बेपत्ता माणूस दारात दिसावा तसा तो पायांकडे बघत राहिला. मग कुजबुजला, “पाणी नको गं. बर्फ आण.”