बोटभर फरक

"सांगा उस्ताद, पाचवा कसा वाटला?"

उस्ताद नुकतेच गाडीतून उतरून खोलीत आले होते. बाहेर ट्रॅकवर पाण्याचे फवारे अजून चालू होते. विचारणारी इंजिनिअर नात्यानं त्यांची सख्खी पुतणी, पण कामावर तीही सगळ्यांसारखं उस्तादच म्हणायची. वेगवान गाड्यांचे टायर चालवून बघायचे आणि कसे वाटले ते सांगायचं, एवढंच उस्तादांचं काम. आज पाच कंपन्यांचे पाच संच होते. कंपन्यांची नावं काळ्या पट्टीखाली झाकलेली, वर क, ख, ग अशी नुसती अक्षरं.

ते खुर्चीत टेकले. जरा वेळ घेतला. त्यांचं असं वेळ घेणं लोकांना फार आवडायचं.

"वळायला थोडा आळशी," ते म्हणाले. "पण एकदा बसला की बसला. अंगानं रुंद आहे. आजच्या पाचांत सगळ्यात रुंद."

बोलणं अगदी बेमालूम होतं. पाचही संचांवर छापलेला रुंदीचा आकडा एकच, दोनशे पंचेचाळीस मिलिमीटर. पण छापायला काय जातं? एखाद्या कंपनीचा दोनशे पंचेचाळीस मोजायला गेलं तर दोनशे चाळीसही भरत नाही, आणि दुसरीचा पार अडीचशेच्या वर जातो. पूर्वी हा बोटभर फरक उस्तादांना पहिल्याच वळणात स्टिअरिंगमधून आणि तळपायातून कळायचा, आणि मापं घेत बसणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करायचे. आता शुगरनं आधी तळपाय बधिर केले, मग हाताची बोटं. म्हणून सकाळी कुणी यायच्या आत ते टायरच्या खोलीत शिरले आणि पाचही संच स्वतः मोजून आले. रुंदी कळली की पुढचे शब्द सवयीनं जुळवता येतात. ही चोरी आहे हे त्यांना माहीत होतं. लाज वाटायला हवी होती. पण हल्ली तीही लांबूनच यायची, शेजारच्या घरात कुणी रडावं तशी.

उद्या हेच टायर घेऊन वेगाच्या ट्रॅकवर जायचं होतं. खरं सांगितलं तर गाडीतली ती सीट जाणार, आणि सीट गेली की आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ब्रेकवर पाय किती पडलाय हे मात्र अलीकडे त्यांना गाडीचं नाक किती खाली गेलं त्यावरूनच समजायचं.

पुतणीनं पेन खाली ठेवलं. "सगळ्यात रुंद? नक्की?"

"मग इतकी वर्षं काय गोट्या खेळलो का मी?"

एरवी अशा बोलण्यावर ती हसायची. आज हसली नाही.

"उस्ताद, हा पाचवा नव्हताच. सकाळचा पहिला संच परत चढवला होता. अक्षराची पट्टी मी बदलली." तिचा आवाज खाली गेला. "सकाळी याच टायरला तुम्ही सडपातळ म्हणालात. झटकन वळतो म्हणालात."

शेवटी पहिलाच संच गुपचूप परत चढवायचा, म्हणजे चालवणारा खरा की बोलघेवडा ते कळतं, ही युक्ती तिला उस्तादांनीच शिकवली होती. आणि तीच ते विसरले होते. हातात माप होतं, मग टायरकडे लक्ष कोण देतो.

घाबरायला हवं होतं, पण ते घाबरले नाहीत. काहीच झालं नाही. "दुपारचा ट्रॅक तापतो," ते म्हणाले. "टायर जरा फुगतो. होतं असं."

"ट्रॅकवर पाणी चालू आहे, उस्ताद."

आणखी काही बोलायला तिनं तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. ती फरशीकडे बघत होती. दारापासून खुर्चीपर्यंत ओल्या पावलांची रांग आली होती. एक पाऊल बुटाचं, एक मोज्याचं. पुन्हा एक बुटाचं, एक मोज्याचं.

"तुमचा उजवा बूट कुठंय?"

उस्तादांनी खाली पाहिलं. बूट बहुतेक गाडीतच राहिला होता, पेडलपाशी. बाहेरची सगळी खडी ते तशीच तुडवत आले होते.

"काढला," ते म्हणाले. "चावत होता."

ती टेबलाला वळसा घालून आली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिनं चिखलानं माखलेला मोजा ओढून काढला.

"काकूला माहितेय?"

त्यांनी मोजा परत घ्यायला हात पुढे केला.

"काका, तिकडे खिडकीबाहेर बघा. मी कुठं दाबतेय ते सांगा."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"बघा ना तिकडे."

उस्तादांनी मान वळवली. फवारे फिरत होते, गाडीचं दार उघडंच राहिलं होतं. त्यांनी वाट पाहिली. खालून काहीच आलं नाही. आणखी थोडी वाट पाहिली. मग टायरबद्दल ज्या ठाम आवाजात सांगायचे, त्याच आवाजात ते म्हणाले, "टाच. अगदी हळू दाबतेयस."

आणि त्यांनी खाली पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी त्यांच्या पायाचा अंगठा धरला होता. जोर लावून लावून तिची बोटं पांढरी पडली होती.