फाटकावरची हाक

खाडीकाठच्या खारफुटीच्या उद्यानात मी रोज संध्याकाळी जाते. पक्षी बघायला, असं मुलीला फोनवर सांगितलंय. खरं तर जाते रखवालदाराच्या हाकेसाठी.

फाटक बंद करायच्या वेळी तो तिथूनच ओरडतो, "मावशी, चला आता."

मी लाकडी पुलाच्या टोकावरून म्हणते, "आले रे." बहुतेक दिवशी माझं तोंड तेवढ्यापुरतंच उघडतं.

आज त्याची हाक आली. मी उत्तर देणार, तोच पुलाच्या अलीकडच्या वळणावरून कोणीतरी म्हणालं, "आले रे."

आवाज माझाच होता, फक्त जरासा बसलेला. मला कालपासून सर्दी आहे.

फळ्यांवर चपला वाजत फाटकाकडे गेल्या. झाडीतून काही दिसेना. मी ओरडायला गेले, पण घशातून नुसती हवा आली.

"आज बऱ्या लवकर आलात," रखवालदार म्हणाला. ती हसली. मी हसते तशीच, नाकातून.

साखळी खळखळली. कुलूप लावता लावता त्याने विचारलं, "आत आणखी कोणी राहिलंय का हो?"

"छे रे," माझा आवाज म्हणाला. "आत कोण असणार? मी एकटीच तर असते."