चिऊचा घास

"वहिनी, मॅचच्या वेळी पाठचा कॅमेरा अख्खं घर बघतो हं. माइकपण सगळं ऐकतो," प्रांजलने आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

"ऐकू दे की. इथे कुठे राज्य चालवतोय आपण?" म्हणून श्वेताने तिला उडवून लावलं होतं.

आता भर दुपारी, बोरीवलीच्या त्या वन रूम किचनमध्ये, नणंद बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर ऑनलाइन गेमच्या स्पर्धेची उपांत्य फेरी खेळत होती. एक कॅमेरा तोंडासमोर, दुसरा पाठीमागे कपाटावर. कोणी चोरून मदत करत नाही हे दिसावं म्हणून. ही फेरी जिंकली की तिला संघात जागा. श्वेता स्वयंपाकघरात दहा महिन्यांच्या अनयला वरणभात भरवत होती. "अनय, आ कर. हा घास चिऊचा... हा काऊचा..."

मांडीजवळच्या फोनवर तिने तीच मॅच लाइव्ह लावली होती, आवाज बंद करून. समोरच्या खेळाडूने बघून फायदा घेऊ नये म्हणून प्रक्षेपण तीन मिनिटं मागे चालायचं. खाली लोक लिहीत होते.

'मागची बाई चिऊ म्हणाली की ही उजवीकडे वळते.'

'काऊ म्हणजे डावीकडे. कोड आहे यार.'

श्वेताला हसू आलं. मग तेच लिहिणारे वाढत गेले, आणि हसू गेलं.

बाहेर खेळ थांबला. प्रांजलने हेडफोन काढून स्पीकर लावला. पंचांचा आवाज खोलीभर झाला.

"मागे कोण बोलतंय?"

"माझी वहिनी, सर. बाळाला भरवतेय."

"बाळ कॅमेऱ्यासमोर आणा. नाहीतर मॅच समोरच्याला द्यावी लागेल."

श्वेता खरकट्या हाताने दारात आली. अनयचा साधा फोटोसुद्धा तिने कधी स्टेटसला ठेवला नव्हता. त्यावरून सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

"तुम्ही बघा, पण लोकांना दाखवू नका. तीन मिनिटं आहेत ना तुमच्याकडे? तेवढं कापा."

"मॅडम, कापलं तर म्हणतील, आम्हीच काहीतरी दडवलं."

प्रांजल वळून वहिनीकडे बघत राहिली.

श्वेता आत गेली. अनयचं तोंड ओढणीने पुसलं, त्याला उचलून आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. तो दोन दात दाखवून हसला.

"थँक यू. चालू करा."

आत येऊन ती फोनकडे बघत बसली. तीन मिनिटांनी अनय त्यात आला, हसला.

'सो क्यूट.'

'शेजाऱ्यांचं आणलं असेल.'

मग नाव नसलेल्या एका खात्यावरून: 'मागच्या खिडकीतून दिसते ती निळी टाकी मी रोज येता-जाता बघतो.'

आणि थोड्या वेळाने, त्याच खात्यावरून: 'अनय, आ कर.'

"वहिनी, जिंकले गं!" बाहेरून प्रांजल ओरडली.

श्वेताने उठून आधी खिडकी लावली. मग त्या धावत्या ओळींमध्ये पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं.

'तुमच्याही घरी आत्ता कोणी कॅमेरा लावून खेळत असेल. जरा उठून बघा, त्याच्या पाठीमागे कॅमेऱ्यात कोण जेवताना दिसतंय.'